हा उजेड कुठल्या थरातला?

पहाटे जाग आली तेव्हा खिडकीच्या काचेवर पाणी जमलं होतं आणि समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. दिव्याच्या खांबाभोवती पिवळट उजेडाचा एक गोळा, त्याच्या पलीकडे काहीच नाही. सवयीने फोन उचलला आणि उपग्रहाचं ताजं चित्र उघडलं. नेहमीचंच ते, काळं-करडं-पांढरं, इन्फ्रारेडचं. मी जिथे उभी होते तिथे चित्रात गडद करडा रंग होता, म्हणजे आकाश मोकळं. कितीतरी लांब समुद्रावर ढगांचा एक पांढराशुभ्र पट्टा पसरलेला, पण माझ्या डोक्यावर काही नाही. खिडकी उघडून हात बाहेर काढला तर मनगट ओलसर झालं. चित्र काढून अर्धा तासही झाला नव्हता, तेवढ्यात एवढं दाट धुकं कुठून येणार? ऊन चढल्यावर धुकं विरलं, पण ती खोच मनात दिवसभर राहिली. चित्र खोटं बोललं असं म्हणवत नव्हतं, आणि ते खरं मानावं तर हात ओला कसा झाला?

त्याचं कारण काही गूढ नाही. हे चित्र उन्हाच्या जोरावर काढलेलं नसतं. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार सतत प्रारण बाहेर टाकत असते, दिवसा आणि रात्रीही. सूर्य तापलेला, म्हणून त्याच्या प्रारणाचा जोर अर्ध्या मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), आपल्या डोळ्यांना दिसेल असा. पृथ्वी त्या मानाने थंड, सरासरी १५ अंश सेल्सियस, म्हणून तिचं प्रारण १० मायक्रॉनच्या आगेमागे सगळ्यात जास्त. डोळ्याला न दिसणारा हा उजेड, म्हणजेच इन्फ्रारेड, उपग्रह मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. माझ्या दारातलं धुकं जमिनीला चिकटून होतं, जमिनीइतकंच गार किंवा ऊबदार म्हणा. वरून पाहणाऱ्याला जमीन कुठे संपली आणि धुकं कुठे सुरू झालं हे कळायला काही मार्गच नव्हता. तेच उपकरण ३.९ मायक्रॉनवरही मोजत असतं. तिथे धुक्याचे बारीक थेंब ११ मायक्रॉनच्या मानाने कमी प्रारण टाकतात आणि म्हणून रात्री दोन-चार अंशांनी जास्त थंड भासतात. दोन्ही मोजमापांची वजाबाकी केली की धुक्याचा डाग बरोबर उमटतो. म्हणजे माझ्या दारातलं धुकं उपग्रहाने टिपलं होतं, फक्त मी उघडलेल्या चित्रात ते नव्हतं.

आणि मग वाटलं, मी इतकी वर्षं हे चित्र फोटो म्हणून बघत होते.

गंमत अशी की ते चित्र फोटोसारखं वाटावं म्हणून मुद्दाम उलटं केलेलं असतं. मूळ मोजमापात तापलेली जमीन झगझगीत आणि ढग काळेकुट्ट. ढगाचा माथा जितका उंच तितका गार, आणि गार म्हणजे प्रारण कमी. काळे ढग आणि चमकणारं वाळवंट असं चित्र कुणाला पटणार? म्हणून उलटापालट केली: थंड ते पांढरं, गरम ते काळं. सोय झाली खरी, पण त्या पांढऱ्या रंगाने आपली नजरही बिघडली. पांढरं दिसलं की पाऊस, असं डोकं आपोआप म्हणतं. वास्तविक पांढरं म्हणजे फक्त थंड. खूप उंचावरचे, हिमकणांचे विरळ तंतुमेघ गार असतात म्हणून चित्रात ठळक दिसतात, आणि त्यांच्यातून थेंबही जमिनीवर पोचत नाही. उलट डोंगराच्या अंगावर अडलेले बुटके, तुलनेने ऊबदार ढग धो धो ओततात आणि चित्रात फिकट करडे राहतात. उणे ३८ अंशांपेक्षा थंड ढगमाथा दिसला की तिथे तासाला ३ मिलीमीटर पाऊस धरायचा, असा एक जुना ढोबळ नियम आहे. उष्ण कटिबंधातल्या मोठ्या प्रदेशावर, महिनाभराची सरासरी काढायची असेल तर तो चालतो. आज दुपारी छत्री घ्यायची की नाही, हे त्यावरून ठरवू नये.

अंधारात बघायची ही कल्पना तशी जुनी. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवली. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथला पारा सगळ्यात वर चढला. पुढे १८५९ पासून जॉन टिंडल नळीत वायू भरून या अदृश्य उष्णतेला कोण अडवतं ते मोजत बसला. नायट्रोजन आणि ऑक्सिजन तिला वाट देतात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, हे त्याने मोजून दाखवलं. त्याच्या तीनेक वर्षं आधी, १८५६ मध्ये, युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वायू भरून ती उन्हात ठेवली होती आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापल्याचं नोंदवलं होतं. त्यांचं नाव कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षातही नव्हतं. मला टिंडलची नळी आठवते ती एका कारणासाठी. उपग्रह जे करतो ते याच प्रयोगाचं मोठं रूप आहे. नळीच्या जागी सगळं वातावरण, एका टोकाला तापलेली जमीन आणि दुसऱ्या टोकाला आपलं उपकरण.

पहिला हवामान उपग्रह, टायरॉस-१, १ एप्रिल १९६० ला गेला. त्याच्यावर दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते, ऊन असेल तिथलंच त्यांना दिसायचं. म्हणजे निम्मी पृथ्वी कायम अंधारात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टायरॉस-२ वर इन्फ्रारेड मोजणारी उपकरणं चढली, आणि रात्रीच्या ढगांची रेखीव चित्रं १९६४ मध्ये निंबस-१ ने दिली. आज ३६ हजार किलोमीटरवर थांबलेले भूस्थिर उपग्रह, आपले इन्सॅट त्यांतच आले, दर थोड्या मिनिटांनी हे चित्र पाठवत असतात आणि आपण ते चहा होईपर्यंत अंगठ्याने सरकवून टाकतो.

चक्रीवादळाच्या बाबतीत मात्र अंगठा थांबतो. डोळ्यात हवा खाली उतरते, ढग विरतात, त्यामुळे तो ऊबदार, चित्रात काळा ठिपका. त्याच्या भोवती गार माथ्याच्या ढगांचं कडं. डोळा किती ऊबदार, कडं किती थंड आणि किती सलग, एवढ्यावरून वाऱ्याचा जोर ठरवायची पद्धत व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवली, आणि इन्फ्रारेडवरून अंदाज काढण्याची त्यांची सुधारित रीत १९८४ ची. वादळाला १ ते ८ मधला आकडा मिळतो. वादळात विमान घालून वारा मोजणं जगात फार थोड्या ठिकाणी होतं; वायव्य प्रशांत महासागरातली नियमित उड्डाणंसुद्धा १९८७ मध्ये थांबली. म्हणजे जगातल्या बहुतेक वादळांचा जो वेग आपण बातमीत ऐकतो, तो कुणी अनुभवी माणसाने किंवा त्याच्यासारखं शिकवलेल्या संगणकाने ढगाच्या माथ्याचं तापमान बघून काढलेला असतो. वाऱ्याला कुणी हात लावलेला नसतो. मला हे एकाच वेळी थोर आणि धास्तावणारं वाटतं. थोर अशासाठी की ती पद्धत चालते, वर्षानुवर्षं चालते. धास्ती अशी की रात्रीतून वादळ झपाट्याने जोर धरतं तेव्हा डोळ्यावर वरचे ढग पसरलेले असतील तर चित्र सुस्त दिसतं आणि खाली वारा वाढत राहतो.

या मापनाने टोकाचे आकडेही हाती दिले आहेत. २९ डिसेंबर २०१८ ला प्रशांत महासागरात नाउरूजवळ एका गडगडाटी ढगाचा माथा उणे १११ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेला नोंदवला गेला. एवढी थंडी ध्रुवावरसुद्धा नाही. तिथला तापमापीने मोजलेला नीचांक व्होस्टॉक केंद्रावरचा, १९८३ च्या जुलैतला, उणे ८९.२. आणि दुसऱ्या टोकाला इराणमधलं लूत वाळवंट, २००५ मध्ये उपग्रहाला ७०.७ अंश दिसलेलं. पण इथे थबकावं लागतं. लूतचा आकडा जमिनीच्या त्वचेचा आहे, हवेचा नाही. हवामान केंद्रावरची तापमापी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, जाळीदार पेटीत, सावलीत असते. भर दुपारी वाळू आणि वरची हवा यांच्यात वीस-तीस अंशांचं अंतर सहज पडतं. समुद्राचीही तीच तऱ्हा. इन्फ्रारेड येतं ते पाण्याच्या वरच्या अक्षरशः काही मायक्रॉन थरातून, केसाच्या जाडीहूनही पातळ, आणि तो थर खालच्या पाण्यापेक्षा किंचित गार असतो. उन्हाळ्यात "उपग्रहाने पंचावन्न अंश मोजलं" असे रंगीत नकाशे फिरू लागले की मला आधी विचारावंसं वाटतं, कशाचं पंचावन्न? बहुतेक वेळा उत्तर नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं आणि नकाशा पुढे पाठवताना तो कोपरा नेमका कापला जातो.

कशाचं, कुठलं. सगळी विद्या या प्रश्नाभोवती फिरते.

धुक्यात उभं राहिल्यावर नजर जेवढी आत जाईल तेवढंच दिसतं. धुकं दाट असेल तर चार पावलं, विरळ असेल तर रस्त्याचं वळण. वातावरणही वरून बघणाऱ्याला असंच असतं, फक्त त्याची दाटी प्रत्येक तरंगलांबीला वेगळी. ११ मायक्रॉनला हवा जवळजवळ स्वच्छ, थेट जमीन दिसते. ६.७ च्या आसपास पाण्याची वाफ इतकी शोषते की नजर तपांबराच्या, म्हणजे ढग-पावसाच्या खालच्या थराच्या, मधल्या-वरच्या भागातच अडते. जमीन, समुद्र, किनारे सगळं गायब, आणि उरतात फक्त कोरड्या-दमट हवेचे वळसे. (हे चित्र मला सगळ्यांत देखणं वाटतं. त्यात देशांच्या सीमा काढल्या नाहीत तर आपण कुठे आहोत तेच कळत नाही.) १५ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइड, तिथे नजर तपांबराच्या वरच्या थरापर्यंत, स्थितांबरापर्यंतच पोचते. मग या १५ मायक्रॉनच्या पट्ट्याच्या मधोमध, थोडं बाजूला, आणखी बाजूला असं मोजत गेलं तर प्रत्येक ठिकाणी नजर थोडी थोडी खोल जाईल आणि थरांमागून थरांची तापमानं मिळतील, हे लुईस कॅपलन यांनी १९५९ मध्ये मांडलं. १९६९ मध्ये निंबस-३ ने ते करून दाखवलं. आता २००२ मध्ये गेलेल्या एअर्स या उपकरणात अशा २३७८ पट्ट्या आहेत, २००६ पासूनच्या इयासीत ८४६१. तरी उत्तर एकमेव नसतं. जवळजवळ तोच उजेड देणारी वेगवेगळी वातावरणं असू शकतात, त्यामुळे आधी काही अंदाज धरावा लागतो आणि मोजमापाने तो दुरुस्त करावा लागतो. अंदाजाची मॉडेलं चालवणाऱ्या मोठ्या केंद्रांनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो: उजेडावरून तापमान काढायच्या भानगडीत न पडता ते मॉडेललाच विचारतात, तुझं वातावरण खरं असेल तर उपग्रहाला काय दिसायला हवं? जे दिसलं ते जुळत नसेल तर वातावरण बदलायचं.

वाटेत काही आडवं आलं की हा हिशेब कसा फसतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९८२ चं आहे. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा पडदा स्थितांबरात पसरला. उपग्रह त्याच्यातून समुद्र बघत होते, आणि वरचे गार थेंब मध्ये आल्याने समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसत होता. नेमकं त्याच वर्षी विषुववृत्तीय प्रशांत महासागर तापत होता. विसाव्या शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निन्योंपैकी एक डोळ्यांसमोर घडत होता, आणि तो आलाय हे तज्ज्ञांनी मान्य करेपर्यंत वर्ष सरत आलं होतं. जहाजांवरून येणारे गरम पाण्याचे आकडे नेहमीच्या सरासरीशी जुळेनात म्हणून संशयास्पद ठरत होते, आणि उपग्रह तर थंडच सांगत होता. पुढे ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि वणवे, पेरू-इक्वेडोरमध्ये पूर. त्यानंतर महासागरात नांगरलेल्या सुमारे ७० तरंगत्या उपकरणांची रांग उभी केली गेली. ती पूर्ण व्हायला १९९४ उजाडलं. अवकाशातून सगळं दिसत असताना पाण्यात तापमापी बुडवायला परत जावं लागलं, हे वाचून मला एक विचित्र समाधान वाटलं होतं. पुढे त्याची थोडी लाजही वाटली, कारण त्या समाधानात पुरात गेलेल्यांचा विचार नव्हता.

हवामानाला दोन-चार अंशांची चूक चालून जाते, उद्याचं चित्र ती पुसून टाकतं. हवामानबदलाला ती चालत नाही. पृथ्वी अवकाशात जी उष्णता फेकते ती सरासरी चौरस मीटरमागे २४० वॉटच्या आसपास. वरून पाहणाऱ्याला ती उणे १८ अंशांच्या गोळ्यासारखी भासते, कारण हा उजेड बराचसा जमिनीवरून थेट येत नाही, वरच्या गार थरांतून येतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याच्या पट्ट्यांतला उजेड आणखी वरच्या, आणखी गार थरातून निघू लागतो. गार थर कमी फेकतो. मग हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. हे सगळं कागदावर ठीक, पण कुणी पाहिलं का? रुडॉल्फ हॅनेल यांनी बनवलेला आयरिस हा वर्णपटमापी, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा उजेड वेगवेगळा मोजणारं उपकरण, १९७० मध्ये निंबस-४ वर गेला. त्याने सहारावरून नोंदलेला वर्णपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा किती वेळ तसाच उघडा ठेवला होता. ११ मायक्रॉनजवळ, जिथे हवा खिडकीसारखी स्वच्छ, तिथे वाळू ४७ अंशांना तळपतेय आणि १५ मायक्रॉनला एकदम खोल खड्डा, उणे पन्नासच्या खाली. अंटार्क्टिकावरच्या वर्णपटात तोच खड्डा उलटा होऊन उंचवटा झालेला, कारण तिथलं बर्फ वरच्या स्थितांबराहूनही गार. त्याच जातीचं उपकरण पुढे व्हॉयेजर यानांवर बसून गुरू-शनीकडे गेलं.

निंबस-४ वरचा आयरिस वर्षभरही चालला नाही. १९९६ मध्ये जपानच्या एका उपग्रहावर तसंच काम करणारं उपकरण गेलं, तोही उपग्रह १९९७ च्या जूनमध्ये बंद पडला. पण दोघांचेही एप्रिल ते जून हे महिने हाती लागले होते, एकाचे १९७० चे, दुसऱ्याचे १९९७ चे. जॉन हॅरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते एकमेकांवर ठेवले. कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात, मिथेनच्या पट्ट्यात फरक दिसला, हिशेबाने जिथे दिसायला हवा तिथे. सत्तर सालच्या त्या उपकरणाचं मुख्य काम वातावरणातल्या थरांची तापमानं आणि बाष्प काढायचं होतं. त्यांचे आकडे जपून ठेवले गेले नसते तर ही तुलनाच झाली नसती, आणि जुन्या फिती कपाटातून काढून टाकायचा उत्साह कुठल्याही संस्थेत कमी नसतो.

पृथ्वीवर येणारी आणि तिच्यावरून जाणारी एकूण ऊर्जा मोजायचं काम आज सेरेस नावाची उपकरणं करतात, २००० पासून सलग. उपग्रहावरचं इन्फ्रारेड उपकरण दर थोड्या वेळाने काळ्या अवकाशाकडे एकदा आणि स्वतःजवळच्या, तापमान माहीत असलेल्या काळ्या पृष्ठभागाकडे एकदा बघून घेतं, म्हणजे आपली मोजपट्टी सरकली नाही ना ते कळावं. इतकं करूनही येणारी आणि जाणारी ऊर्जा यांच्यातला निव्वळ फरक त्यांना स्वतःहून सांगता येत नाही. फरक आहे एखाद्या वॉटचा, आणि मोजमापातली अनिश्चितता त्याहून मोठी. म्हणून तो आकडा समुद्रात बुड्या मारणाऱ्या आर्गो तरंगकांच्या नोंदींना बांधून घेतात. तो वर्षागणिक किती बदलतो हे मात्र सेरेस फार चोख सांगतं. २००५ ते २०१९ या काळात हा असमतोल जवळपास दुप्पट झाला. आणि इथे माझी अपेक्षा साफ कोसळली. मला वाटलं होतं की गोष्ट इन्फ्रारेडची असणार, बाहेर जाणारी उष्णता घटलेली असणार. प्रत्यक्षात हरितगृह वायू आणि बाष्प तिला अडवत असले तरी तापलेली पृथ्वी जास्त उष्णता फेकतेही आहे. मोठा हिस्सा उन्हाचा निघाला: ढग आणि समुद्रातलं बर्फ पूर्वीइतकं ऊन परतवत नाहीत. ढग का बदलले, त्यात तापमानवाढीचा वाटा किती आणि हवा स्वच्छ झाल्याचा किती, यावर अजून वाद चालू आहे.

इन्फ्रारेडचाही एक मोठा तुकडा आजवर दुर्लक्षितच राहिला होता. १५ मायक्रॉनच्या पलीकडे पृथ्वीच्या उष्णतेचा जवळपास निम्मा भाग असतो, गारठलेल्या ध्रुवीय प्रदेशांत त्याहूनही जास्त, आणि अवकाशातून त्याचा वर्णपट फार थोड्या वेळा घेतला गेला. दमट हवेत या लांब लहरी वाफेत अडकतात, ध्रुवावरच्या कोरड्या हवेतून निसटतात. बर्फ त्या किती सोडतं आणि उघडं पडलेलं पाणी किती, हे आकडे मॉडेलांमध्ये बरेचसे हिशेबाने घातलेले. मे आणि जून २०२४ मध्ये न्यूझीलंडमधून प्रीफायर मोहिमेचे दोन छोटे उपग्रह त्यासाठीच सोडले गेले, आणि तो हिशेब आता मोजून तपासला जातो आहे.